चाळीस सेकंदांची होडी

काचेपलीकडच्या मुलीने मोबाइलला हात लावला नाही, आणि कुसाबांचा जीव भांड्यात पडला.

सकाळपासून अकरा जण होऊन गेले होते. सगळे विशीच्या आतबाहेरचे, ‘पैलतीर’ या खेळाचं नावही न ऐकलेले. मुद्दाम तसलेच शोधून आणले होते. जुन्या भक्तांचं काय, ते दगडाला शेंदूर फासून ठेवला तरी पाया पडतात. छत्तीस वर्षांपूर्वीचा खेळ नव्याने बांधायचा तर तो नव्या पोरांच्या गळी उतरतो का, हे बघायला हवं होतं. त्यासाठी फुकुओकाच्या त्या ऑफिसात एक खोली होती. खेळणाऱ्याला काचेत स्वतःचं तोंड दिसायचं आणि पलीकडे बसलेल्यांना खेळणारा.

जंगलातली वाट सगळ्यांना आवडली. लांडग्यांशी झालेली मारामारी तर फारच आवडली. मग नदी आली. काठावरच्या म्हातारीने ‘बस’ म्हटलं, की खेळणारा होडीत बसणार, धुकं दाटणार आणि पुढचे चाळीस सेकंद काहीच होणार नाही. म्हातारी वल्हं मारणार, अधूनमधून एखादं वाक्य बोलणार, बस्स. या चाळीस सेकंदांत अकरांपैकी नऊ जणांनी मोबाइल काढला. दहाव्याने सगळी बटणं एकदम दाबून बघितली. अकराव्याने हाक मारली, “अहो, हे हँग झालं वाटतं!”

बारावी ही मुलगी मात्र हात मांडीवर ठेवून, पापणी न हलवता चाळीसच्या चाळीस सेकंद बसून राहिली. मूळ खेळ बनवणाऱ्यांतले, सदुसष्ट वर्षांचे कुसाबा खुर्चीतून उठून काचेला इतके चिकटले, की काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरली.

खेळ संपल्यावर सोएजिमा आत गेली. ही चौतिशीची बाई नव्या खेळाची मुख्य. “होडीत काय वाटलं तुला?” तिने विचारलं.

मुलीने मान खाली घातली. “खरं सांगू का? मला वाटलं माझ्याच हातून काहीतरी मोडलं. म्हणून हातच लावला नाही. आणि सांगायची लाज वाटली.”

काचेअलीकडे सगळे खो-खो हसले. कुसाबाही हसले. न हसून करतात काय!

दुपारी बैठक बसली. भिंतीवर सोएजिमाच्या वळणदार अक्षरातली पाटी होती: ‘कर्त्याच्या मनात होतं ते ठेवायचं. यंत्राने करायला लावलं ते काढायचं.’ या एका वाक्यावर गेली दोन वर्षं सगळी भांडणं मिटत आली होती. रंग सोळाच का? जुन्या यंत्राला तेवढेच जमायचे म्हणून. काढा. लांडगा नेहमी डावीकडूनच का येतो? कर्त्याला तो तसाच हवा होता, ठेवा.

“होडी काढायला पाहिजे, मॅडम,” एक तरणा प्रोग्रॅमर म्हणाला. “बारापैकी बारा. आता पोरं चाळीस सेकंद लिफ्टसाठीसुद्धा थांबत नाहीत. चार सेकंद पुरे. धुकं आलं, गेलं, पैलतीर.”

“मग नुसता पूल बांधा की!” कुसाबा म्हणाले. आवाज त्यांना हवा होता त्याहून चढला. “लोक हा खेळ कशासाठी आठवतात? लांडग्यांसाठी? आजही पन्नाशीचा माणूस मला भेटला की म्हणतो, ‘घाई असेल तर पोहत जा.’ म्हातारीचं वाक्य! ते उगाच नाही राहिलं लक्षात.”

“मेल्या म्हशीला मणभर दूध,” कोणीतरी पुटपुटलं. ते कुसाबांना ऐकू गेलं आणि झोंबलंही.

सोएजिमाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “सर, मी मामाच्या घरी हा खेळ खेळले तेव्हा सात वर्षांची होते. होडीत असताना भावाशी भांडायला वेळ मिळायचा आणि काठ यायच्या आत भांडण मिटायचं. मला विचाराल तर ती होडी माझ्या जिवाची आहे. पण माझ्या जिवावर नाही ठरवता येत.” तिने एक कागद पुढे सरकवला. “नियमावर ठरवू. तुम्ही मासिकाच्या मुलाखतीत म्हणाला होतात, की खेळणाऱ्याला वेळ जाणवावा म्हणून तुम्ही ती होडी रचली. तेच इथे लिहिलंय. तुम्ही ‘गोबोतेन’ म्हणजे कुसाबा तेत्सुरो, आणि हे थांबणं कर्त्याच्या मनातलं. शुक्रवारी यावर तुमच्या नावाचा शिक्का मारून द्या. मग वरचे लोक काय, बारा हजार पोरं बोंबलली तरी होडीला हात लावू देणार नाही मी.”

कुसाबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. 

गोबोतेन म्हणजे उडोनच्या, जाड शेवयांच्या, वाडग्यावर घालतात ती मुळांची भजी. त्या काळी खेळाच्या शेवटी कोणाचंच खरं नाव देत नसत. नावं दिली तर दुसरी कंपनी माणसं पळवेल, अशी मालकांना धास्ती. मग जो तो काहीबाही टोपणनाव लावायचा. कुसाबांनी ‘कासव’ लावलं. आणि शेजारच्या टेबलावर बसून रोज दुपारी मुळांची भजी घातलेला उडोन ओरपणाऱ्या हारागुची मित्सुनोरीने लावलं ‘गोबोतेन’. खेळाच्या शेवटी एक ओळ यायची: ‘होडी आणि धुकं : गोबोतेन’.

खरी गोष्ट अशी होती, की होडी कोणाच्याच मनात नव्हती. खेळ दोन फ्लॉपींवर मावायचा. नदीपाशी दुसरी फ्लॉपी घालायची आणि पैलतीराचा नकाशा यंत्राने वाचून घ्यायचा. ते वाचण्याचं काम कुसाबांनी लिहिलं होतं. ऑफिसातल्या मोठ्या यंत्रावर ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच व्हायचं, म्हणून वर्षभर कोणी ते घरच्या साध्या यंत्रावर चालवून बघितलंच नाही. अगदी शेवटच्या शुक्रवारी पहिल्यांदा बघितलं. पडदा काळा झाला आणि चाळीस सेकंद काळाच राहिला. कुसाबांनी माहिती फ्लॉपीवर अशी विस्कटून टाकली होती, की ती गोळा करता करता यंत्राला धाप लागायची. सोमवारी फ्लॉप्या छापायला जाणार होत्या आणि नीट करायचं म्हटलं तर पंधरा दिवस हवे होते. कुसाबा जिन्यात जाऊन बसले. 

हारागुची वाडगा हातात घेऊनच जिन्यात आला. “काळा पडदा आहे म्हणून थांबल्यासारखं वाटतं रे,” तो म्हणाला. “तिथे पाणी असलं तर गेल्यासारखं वाटेल.” आणि शनिवार-रविवारात त्याने होडी बांधली. म्हातारी काढली, धुकं काढलं, चार वाक्यं लिहिली. फ्लॉपीची घरघर वल्ह्याच्या करकरीत मिसळून गेली. सोमवारी मालकांनी विचारलं, “हे काय नवीन?” तर हारागुची म्हणाला, “नवीन कुठलं, साहेब? पहिल्यापासून ठरलेलंच होतं. हो ना रे, कुसाबा?”

म्हणजे पहिलं खोटं मित्रच बोलला होता, आणि तेही कुसाबांना वाचवायला. पण सात वर्षांनी हारागुची पोटाच्या कॅन्सरने गेला, तेव्हा तो जेमतेम अडतीस वर्षांचा होता. आणखी तीन वर्षांनी, कंपनी बुडून कुसाबा घरी बसले असताना, मासिकवाला आला. होडीवर फार भरभरून बोलला आणि मग त्याने विचारलं, “गोबोतेन म्हणजे तुम्हीच ना?” कुसाबा हसले. नाही म्हणाले नाहीत. त्या मुलाखतीवर त्यांना शिकवायची नोकरी लागली आणि पुढची पंचवीस वर्षं ते पोरांना ‘वेळ कसा जाणवून द्यावा’ हे शिकवत राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण ती मूठ जन्मभर झाकून धरणाऱ्याचे हात किती दुखतात, ते कोणी सांगत नाही.

आता त्या शिक्क्याने होडी वाचणार होती आणि हारागुचीचं नाव कायमचं जाणार होतं. खरं बोललं तर नाव येणार होतं, पण होडी जाणार होती. कारण मग ती यंत्राने करायला लावलेली ठरत होती. सोएजिमाचा नियम चोख होता, त्यात पळवाट नव्हती.

गुरुवारी हारागुचीची तिथी होती. कुसाबा दरवर्षीप्रमाणे मांजू मिठाईचा डबा घेऊन कालव्यांच्या यानागावा शहरात त्याच्या घरी गेले. या वेळी सोबत लॅपटॉपही होता. वहिनींना एकदा दाखवावं, असं ते स्वतःला सांगत होते. खरं तर वहिनींच्या तोंडून त्यांना ‘होडी राहू दे’ हे ऐकायचं होतं. मग शिक्का मारणं सोपं गेलं असतं.

मिसाओवहिनी ईल माशाच्या खाणावळीतून सकाळची पाळी संपवून नुकत्याच आल्या होत्या. केसांना अजून भाजलेल्या माशाचा वास होता. कुसाबांनी देव्हाऱ्यातल्या फोटोपुढे उदबत्ती लावली, घंटा वाजवली, हात जोडले. फोटोतला हारागुची अजून अडतीसचाच होता.

“वहिनी, तुम्ही हा खेळ कधी खेळलात?”

“मी? त्या मेल्या खेळापायी नवरा आठवड्यातून दोनदा घरी यायचा, तो मी खेळू होय?” वहिनींनी चहा ठेवला. “आणा इकडे. काय असतं ते तरी बघू.”

नवा खेळाडू म्हणतात तो याहून नवा मिळाला नसता. वहिनींना आधी चालताच येईना. माणूस झाडाला धडका देत राहिला. “अहो, हा आंधळा आहे का?” लांडग्याने तीनदा खाल्लं. चौथ्यांदा वहिनींनी चष्मा सारखा केला, जीभ दातांत धरली आणि लांडग्याला असं बडवलं, की कुसाबांना हसू आवरेना. मग नदी आली. म्हातारी म्हणाली, ‘बस. हलू नकोस.’

वहिनींनी हात मागे घेतले. धुकं दाटलं. बाहेर कालव्यातून कोणाचीतरी खरी होडी गेली असावी, पाण्याचा चुबुक आवाज झाला.

‘पाणी खोल नाही, पण गार आहे,’ म्हातारी म्हणाली. आणि थोड्या वेळाने: ‘घाई असेल तर पोहत जा.’

वहिनी फिसकन हसल्या. “या आमच्या सासूबाई! अगदी अश्शाच बोलायच्या. चहा लवकर मागितला तरी, ‘घाई असेल तर विहिरीत उडी मार, पाणी तयार आहे.’”

‘कोणी वाट बघतंय का तुझी?’ म्हातारीने विचारलं. ‘मग गप बस. पोहोचशील.’

वहिनी हसायच्या थांबल्या. काठ येईपर्यंत त्या पडद्याकडे बघत बसल्या. कुसाबांनी मनातल्या मनात सेकंद मोजले, आणि काठ लागल्यावर त्यांच्याने राहवेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं. विस्कटलेली फ्लॉपी, जिना, सोमवार, मासिकवाला, ते हसू आणि खिशातला कागद. सांगताना ते वहिनींकडे बघत नव्हते, मांजूच्या डब्याकडे बघत होते.

“झालं?” वहिनी म्हणाल्या.

“झालं.”

“मला माहीत होतं, भावजी.”

कुसाबांनी मान वर केली.

“त्या शनिवारी फोन आला होता ना त्याचा. म्हणाला, कुसाबाने घोळ घातलाय, मी त्याच्यासाठी होडी बांधतोय, जेवायला थांबू नकोस. हसत होता. मासिकही वाचलं मी. खाणावळीत कोणीतरी आणून दाखवलं.” वहिनींनी चहाचा पेला फिरवून ठेवला. “म्हटलं, पोटासाठी बोलले असतील, सांगतील कधीतरी. दरवर्षी तुम्ही यायचात, घंटा वाजवायचात, मांजू खायचात आणि जायचात. मी म्हणायचे, पुढच्या वर्षी. सव्वीस वर्षं झाली, भावजी.”

“वहिनी, तोंड दाखवायला जागा ठेवली नाही मी.”

“तोंड ठेवा तुमच्याकडेच, मला काय करायचंय? नाव द्या त्याचं.”

“पण मग होडी जाईल.” कुसाबा पुढे सरकले. “त्याने बांधलेली एवढी एकच गोष्ट उरली आहे. ती पुसून टाकू? तुम्ही आत्ता बघितलीत ना? तुम्हाला आवडली ना?”

“आवडली.” वहिनींनी फोटोकडे बघितलं. मग म्हणाल्या, “त्याने ती कशासाठी बांधली? तुमची लाज झाकायला. आता तुम्हीच सांगायला निघालात, तर झाकायचं काय राहिलं? जाऊ दे. होडी माझ्याकडे नव्हतीच कधी. नाव माझं आहे. तेच लावते मी अजून.”

शुक्रवारी कुसाबांनी तो घडीचा कागद सोएजिमापुढे ठेवला. त्यावर शिक्का नव्हता. सगळी हकिकत त्यांनी उभ्याउभ्याच सांगितली, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. ती ऐकताना सोएजिमाचा चेहरा उतरत गेला. शेवटी ती पाटीकडे बघत राहिली. स्वतःच्या अक्षरातलं वाक्य माणसाला इतकं जड झालेलं कुसाबांनी कधी पाहिलं नव्हतं.

“तुम्ही गप्प राहिला असतात, तर मी वाचवली असती ती,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“मग माझ्यावर कशाला टाकलंत हे, सर?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा तिला रागही आला. “हारागुची. कसं लिहायचं, सांगा. चूक नको व्हायला.”

‘पैलतीर’ वसंतात बाजारात आला. जुन्या भक्तांनी पहिल्याच दिवशी शिव्यांची लाखोली वाहिली: होडीचं वाटोळं केलं, चार सेकंदांत कसला आलाय प्रवास! कुसाबांची मुलाखत खोटी होती हेही आता सगळ्यांना कळलं होतं, तेव्हा त्यातल्या बऱ्याच शिव्या त्यांच्या वाट्याला आल्या. त्यांनी त्या घेतल्या. ज्या शाळेत त्यांनी शिकवलं तिने पोरांपुढच्या वार्षिक व्याख्यानाला या वर्षी त्यांना बोलावलं नाही. नव्या पोरांना मात्र खेळ आवडला. खरंच आवडला, नाही म्हणायला जागाच नव्हती. एका पोराने लिहिलं होतं, ‘कुठेही कंटाळा येत नाही, एकदाही थांबावं लागत नाही.’ कुसाबांनी ते वाक्य दोनदा वाचलं. पोराने मनापासून केलेली स्तुती होती ती. त्याला नावं ठेवायची कशी?

वहिनींनी पुतण्याकडून यंत्र बसवून घेतलं. “शेवटची नावं येतात त्या पानाचा फोटो पाठवतो,” असं कुसाबांनी सांगितलं, तर त्या उखडल्या. “फोटो नको. मी माझी तिथवर जाईन.” मग रोज दुपारी पाळीवरून आल्यावर एक तास त्या खेळू लागल्या. मधूनमधून फोन यायचा. “भावजी, तो गुहेतला बेडूक कसा मारायचा हो? जळला मेला, थुंकतोय नुसता.” कुसाबा सांगायचे. कधी त्यांनाही आठवायचं नाही, मग दोघं मिळून शोधायचे. असे चार महिने गेले. अडीच दिवसांत पोरं संपवतात तो खेळ.

ऑगस्टात, पितर घरी येतात त्या दिवसांत, दुपारी फोन आला. वहिनींना धाप लागली होती.

“भावजी, संपवला!”

“काय सांगता! शेवटचा राक्षस?”

“मेला एकदाचा. मग नावं सुरू झाली. किती हो ती! सहाशे असतील. मी म्हटलं आता येईल, मग येईल. डोळ्याला धार लागली म्हणून चष्मा काढून पुसला, आणि घातला तेवढ्यात ते वर चाललं होतं. हारागुची एवढं दिसलं. मित्सुनोरी दिसेपर्यंत गेलं.”

“परत बघता येईल, वहिनी. राक्षस पुन्हा मारलात की नावं पुन्हा येतात.”

“मारीन की. त्याला काय झालं.” वहिनी थांबल्या. मागे देव्हाऱ्यातली घंटा कोणीतरी वाजवली, पुतण्याची पोरं असावीत. “पण भावजी, त्याच्या नावाशी जरा थांबवता नाही का येत ते? जास्त नको. थोडंसंच.”

कुसाबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. 

“नाही, वहिनी,” ते म्हणाले. “ते हारागुचीलाच जमायचं.”